दिगबोई: भारतातलं सगळ्यात जुनं तेलक्षेत्र बघायला जाणार असाल तर

आसामला जाणारे बरेचजण काझीरंगा करून परत फिरतात. जमलं तर तसंच पुढे तिनसुकियापर्यंत जा, तिथून दिगबोई साधारण तासाभरावर आहे. आपल्याकडून जायचं तर दिब्रुगढला विमान, नाहीतर मुंबईच्या एलटीटीहून (लोकमान्य टिळक टर्मिनस) थेट रेल्वेगाडी, पण ती रोज नसते आणि लांबचा पल्ला आहे.

सुरुवात ऑइल म्युझियमपासून करा. विहीर नंबर 1 तिथेच आहे, 1889 ला खोदायला घेतली आणि 1890 मध्ये 662 फुटांवर तेल लागलं, म्हणजे जेमतेम दोनशे मीटर! आपल्या मराठवाड्यात पाण्यासाठी याहून खोल बोअर मारतात. इतक्या वर तेल कसं, तर बाजूच्या नागा टेकड्यांकडे बघा. आग्नेयेकडचे खडक नागा थ्रस्ट नावाच्या जमिनीखालच्या तिरक्या भेगेवरून वायव्येला सरकलेत आणि सतरंजी एका बाजूने ढकलली की जशी घडी वर येते तशी दिगबोईची घडी वर आली, त्यात टिपम नावाच्या वालुकाश्माचे थर वर उचलले गेले, तेल त्या थरांमध्ये अडकलं, आणि जिथे वाट मिळाली तिथून जमिनीवर झिरपायला लागलं. हत्तीच्या पायाला तेल लागलेलं दिसलं आणि त्यावरून इथलं तेल सापडलं, ही गोष्ट तिथे प्रत्येकजण सांगतो, ती दंतकथा आहे, पण तेल झिरपत होतं हे खरं. आवारात ड्रिलिंगची जुनी यंत्रं मांडलीत, ती अगदी जवळ जाऊन बघा, रिव्हेट ठोकलेलं जाड लोखंड आहे, हे सगळं त्या जंगलात कसं आणलं असेल याचाच विचार येत राहतो.

मला सगळ्यात जास्त लागलं ते उत्पादनाचं. 1901 मध्ये रिफायनरी सुरू झाली, 1921 ला बर्मा ऑइल ही ब्रिटिश कंपनी आली आणि त्यानंतर भूशास्त्र नीट वापरून ड्रिलिंग वाढलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानने घेतला, तिकडचं तेल बंद झालं, मग सगळा भार दिगबोईवर. दिवसाला 7,000 बॅरलपर्यंत उत्पादन नेलं, पण साठ्यातला दाब सांभाळायचं काही बघितलंच नाही. दाब एकदा गेला की तेल आपोआप वर येत नाही, पंप लावून थोडं थोडं ओढावं लागतं, आणि खडकात उरलेलं बरंच तेल तिथेच अडकतं. म्हणून आता पंप दिसले तर दोन मिनिटं थांबून बघा, किती सावकाश वरखाली होतात ते. याच युद्धातली कबरस्तानं बघायची असतील तर वॉर सिमेट्री गावाजवळच आहे, दोनशेच्या आसपास कबरी आहेत, आणि चीनकडे जाणारा युद्धातला स्टिलवेल रोड जिथून सुरू होतो ते लेडोही त्याच बाजूला पुढे.

रिफायनरी अजून चालू आहे, पण आत परवानगीशिवाय सोडत नाहीत, गेटजवळ फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. तिला लागणारं कच्चं तेल आता मुख्यतः अप्पर आसामच्या दुसऱ्या क्षेत्रांतून येतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, पावसाळ्यात नको. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडायला लागतो, त्यामुळे सकाळी लवकर निघा, म्युझियमच्या सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. राहायला तिनसुकियात जास्त पर्याय आहेत, गाडी तिथूनच दिवसभरासाठी ठरवा म्हणजे परतीची चिंता नाही.