आमची वाटचाल : आधी भिंत, मग टाइल्स

बाबा गवंडी, चिपळूणच्या आसपास जांभ्या दगडाची घरं बांधायचे. तेव्हा टाइल्स म्हणजे ओट्यामागे दोन फूट पांढऱ्या आणि मोरीत तीन फूट, बास. दहावीनंतर मी त्यांच्या हाताखाली लागलो, माझं पहिलं काम टाइल्स पिंपात भिजत घालायचं, बुडबुडे यायचे थांबले की काढायच्या.

२०११ ला मी आणि धाकट्या भावाने दुकान टाकलं, माल गुजरातमधल्या मोरबीचा आणि लावायला आपलीच माणसं. एका काकूंच्या बाथरूमला मोठ्या चकचकीत व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारख्या घट्ट भाजलेल्या टाइल्स लावल्या, नेहमीसारख्या भिजवून, सिमेंटवर. आठ महिन्यांत काकूंचा फोन, दोन टाइल्स सुटल्या. जाऊन नाण्याने ठोकून बघितलं तर निम्मी भिंत पोकळ वाजत होती. साध्या सिरॅमिक वॉल टाइल्स १० टक्क्यांच्या वर पाणी पितात म्हणून सिमेंट त्यांना धरतं, व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पीत नाही, मग धरणार कशाला? सगळं काढून स्वतःच्या खर्चाने ॲडहेसिव्हवर, म्हणजे टाइल्स चिकटवायच्या खास मसाल्यावर, परत लावून दिलं. तेव्हापासून दातेरी थापी, टाइल्समध्ये सारखी फट ठेवायला दोन एमएमचे स्पेसर आणि भिंत संपली की प्रत्येक टाइल ठोकून बघायची, मी स्वतः.

मग २२ जुलै २०२१. पुराचं पाणी दुकानात शिरलं, ॲडहेसिव्हच्या गोणींचे दगड झाले. टाइल्सना काही झालं नाही पण खोक्यांचा पुठ्ठा लगदा होऊन गेला आणि त्याच्यावर छापलेले शेड नंबर (रंगाच्या छटेचे), बॅच नंबरही (एका वेळी बनलेल्या मालाचे) गेले, आता कुठली पांढरी कुठल्या पांढरीबरोबरची ते कसं कळणार! ते नंबर काय असतात हे त्या दिवशी खरं कळलं. म्हणून गिऱ्हाईकाला आजही सांगतो, दहा टक्के जास्त घ्या आणि एकाच बॅचचा घ्या, नंतर तीच शेड मिळेलच असं नाही.

पूर ओसरल्यावर लोक म्हणायला लागले, हॉलमध्येही चार फूट टाइल्स लावा, परत पाणी आलं तर पुसून घेता येईल. मागणी रास्त होती. पण जांभा पाणी धरून ठेवतो, ओल्या भिंतीवर टाइल्स लावल्या तर आतून खार फुटतो. आम्ही दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं, खराब प्लास्टर खरवडून काढलं, भिंती उघड्या ठेवल्या. पैशाची खूप गरज होती तेव्हा आणि काही कामं दुसरीकडे गेलीसुद्धा, तरी नाही लावल्या.

निवडताना एवढंच करा, मोबाईलवर फोटो बघून ठरवू नका, आमच्याकडून दोन पीस घरी न्या, दिवसा आणि रात्री ट्यूबच्या उजेडात भिंतीला लावून बघा. गॅसमागे खरबरीत मॅट नको, फोडणीचं तेल त्यात बसतं.

पुरातल्या त्या नंबर गेलेल्या टाइल्स दुकानाच्या मागच्या खोलीत भावाने लावल्यात. सकाळचं ऊन आलं की चार वेगवेगळे पांढरे स्पष्ट दिसतात, शेड म्हणजे काय ते कुणी विचारलं की आम्ही त्यांना तिथेच नेतो.