पंक्चर काढणे म्हणजे नेमके काय काढणे

आपल्याकडे पंक्चर कोणी जोडत नाही किंवा बुजवत नाही. आपल्याकडे पंक्चर ‘काढतात’. हे क्रियापद मी लहानपणापासून वापरत आलो आहे. त्याकडे लक्ष मात्र गेल्या हिवाळ्यात गेले, जेव्हा सकाळी सायकलवरून नाशिकच्या गंगापूर रोडने गिरणारे गावापर्यंत जाण्याचा माझा नेम चालू होता आणि नऊ दिवसांत मागचे चाक तीनदा बसले.

पहिल्या दोन्ही वेळा मी घरीच, अंगणात पाण्याचे घमेले घेऊन बसलो आणि सगळे यथासांग केले. ट्यूबमध्ये बेताची हवा भरून ती थोडी थोडी पाण्यात दाबत पूर्ण फेरी घेतली, कारण एक भोक सापडले की आपण खूश होऊन थांबतो आणि दुसरे तसेच राहते. बुडबुडे निघाले त्या जागी, ट्यूब पुसून कोरडी केल्यावर, बॉलपेनने चांगली लांब फुली मारली. फुली लांबच हवी, कारण पॉलिश पेपरने घासताना तिचा मधला भाग पुसला जातो आणि मग उरलेल्या टोकांवरूनच भोकाची जागा ओळखावी लागते. घासण्यात आळस करून चालत नाही. नव्या ट्यूबवर ती साच्यातून सुटावी म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश राहिलेला असतो, तो निघून रबराची चकाकी जाईपर्यंत घासावे, आणि साच्याच्या सांध्याची उंच रेघ वाटेत आली तर ती सपाट करावी, नाहीतर ठिगळाखालून त्या रेघेच्या कडेकडेने हवा बाहेर पडते.

त्यानंतर सोल्युशन. माझी आयुष्यातली बहुतेक ठिगळे याच पायरीवर फसली आहेत, आणि कारण नेहमी एकच होते, ते म्हणजे घाई. सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेले रबर. ते ठिगळापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर पातळ पसरून द्रावक उडून जाईपर्यंत, म्हणजे साधारण पाच मिनिटे, थांबावे लागते. ओले असताना ठिगळ दाबले तर द्रावक आतच कोंडतो आणि पकड येत नाही. फुंकर मारण्याचा मोह आवरावा, कारण श्वासात दमटपणा असतो. विकत मिळणाऱ्या पातळ कडांच्या ठिगळाचा खालचा थर सोल्युशनशी रासायनिक रीतीने जुळतो. चार्ल्स गुडइयर यांनी 1839 साली गंधक आणि उष्णता वापरून रबराला जो टिकाऊपणा दिला, त्याच जातीची ही क्रिया येथे उष्णतेवाचून घडते. रस्त्याकडेचे दुकानदार जुन्या ट्यूबचाच तुकडा कापून लावतात, आणि त्याचे कोपरे कात्रीने गोल करतात ते शोभेसाठी नव्हे, तर टोकदार कोपरा आधी उचकटतो म्हणून.

इतके सगळे नीट केले, तरी तिसऱ्यांदा चाक बसले. नवे भोक पहिल्या ठिगळाच्या अगदी कडेला होते, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दोन्ही वेळा भोक बुजवले होते. काढायचे जे होते, ते काढलेच नव्हते.

टायरवरील कंपनीचे नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असा टायर बसवण्याची मला सवय आहे, आणि ती त्या दिवशी उपयोगी पडली. व्हॉल्व्हपासून भोकापर्यंतचे अंतर ट्यूबवर मोजले आणि तेच टायरवर दोन्ही बाजूंनी धरून पाहिले, कारण ट्यूब एकदा बाहेर काढली की कोणती बाजू कोणती हे सांगता येत नाही. बाहेरून काहीच दिसेना. आतून बोट फिरवले, तरी काही लागेना. शेवटी जुन्या सुती पंचाचा तुकडा आतून फिरवला, तेव्हा त्याचा एक धागा अडकला. बाभळीच्या काट्याचे बाहेरचे टोक मोडून गेले होते आणि उरलेला जेमतेम दोन मिलिमीटरचा भाग टायरच्या जाडीत रुतून बसला होता. हवा भरून मी सायकलवर बसलो की तो आत डोकावत असणार. नेलकटरने त्याला धरून ओढले.

तेव्हापासून मी भोक आधी वाचतो आणि मग बुजवतो. शेजारी शेजारी दोन चिरा असतील, तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली गेली, म्हणजे हवा कमी होती. भोक आऱ्यांच्या बाजूला असेल, तर टायरमध्ये काटा शोधणे व्यर्थ. रिमटेप, म्हणजे रिमच्या आतून आऱ्यांची टोके झाकणारी पट्टी, सरकलेली असते. आणि भोकच सापडत नसेल, तर व्हॉल्व्हकडे पाहावे. आपल्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये वॉलट्यूब नावाची रबरी नळी असते आणि ती सडली की चांगली ट्यूबही रात्रभरात बसते. त्यावर दुकानदारांची चाचणी थुंकीची: व्हॉल्व्हच्या तोंडावर बोटाने थोडी थुंकी लावायची आणि फुगा येतो का ते पाहायचे. शिष्टसंमत नसेल, पण याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही.

तीन ठिगळांची ती ट्यूब अजून मागच्या चाकात आहे. त्यानंतरच्या आठवड्यात गिरणारेहून परतताना पुन्हा पंक्चर झाले, पण ते पुढच्या चाकाचे.