सॉकेटातली वायर

मे महिन्यातली अकोल्याची दुपार. उन्हात राहिलेला पाना हातात धरवत नाही. अशात सरांची गाडी आली. आठवीत त्यांनी मला गणित शिकवलं, म्हणून त्यांच्या गाडीला मी गॅरेजातल्या पोरांना हात लावू देत नाही.

"एसी लावला की करकर आवाज येतो रे. काल तर बेल्ट जळल्याचा वास आला."

इंजिन बंद करून एसीचा गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे त्याला बेल्टच्या पुलीशी जोडणारा भाग, हाताने फिरवून पाहिला. पुली मोकळी, पण पुढची प्लेट जागची हलेना. जाम. गॅसचा दाब बघायला गेज लावलं तर काटे शून्याला टेकलेले. एवढ्या उन्हात गाडी बंद असतानाही दोन्ही काटे १०० पीएसआयच्या वर हवेत.

मग मला कळेना, गॅस गेला तर कॉम्प्रेसर फिरत कसा राहिला? गॅसच्या लाइनवर प्रेशर स्विच असतो तो त्याचसाठी. दाब साधारण ३० पीएसआयच्या खाली उतरला की तो क्लचचा करंट तोडतो. पंखा बंद पडून दाब ४०० च्या पुढे गेला तरी तोडतो. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसला की ऑइल परत येत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा घासत राहतो.

स्विचच्या सॉकेटला काळी टेप गुंडाळलेली होती. सोडली. आत दोन पिनांमध्ये लाल वायरचा तुकडा, टोकं पिळून दुमडलेली. पीळ माझाच होता.

मागच्या उन्हाळ्यात क्लच लागत नव्हता. स्विच बाद आहे का बघायला मी दोन मिनिटांसाठी तो वगळून वायरने डायरेक्ट केलं. स्विच बादच होता, बाजारात मिळाला नाही. "उद्या आणून लावतो सर," म्हणालो. त्या उद्याला वर्ष झालं.

जुना कॉम्प्रेसर उतरवून ऑइल बोटावर घेतलं. काळं, आणि त्यात चंदेरी चमक. धातूची पूड. म्हणजे नुसता कॉम्प्रेसर बदलून भागणार नव्हतं. गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीच्या, कंडेन्सरच्या, बारीक नळ्यांतून ती पूड धुऊन निघत नाही. तसंही त्याच्या खालच्या कोपऱ्यात तेलकट धूळ चिकटली होती, गळती तिथेच. कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, सगळं नवं घातलं, पाइप फ्लश केले. स्विचही नवा. पाऊण तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून, कुठे गळतंय का बघायला अर्धा तास काट्यावर नजर. १३४ए गॅस स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, वजन करून. शेवटी चालू एसीत स्विचचं सॉकेट उपसलं. टक्! क्लच सुटला. लावलं, पुन्हा लागला.

सरांना वायर दाखवली, सगळं सांगितलं. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "उत्तर आलं की पायऱ्या गाळायची तुझी जुनीच खोड."

मी कंडेन्सरचे तेवढे पैसे मागितले. सरांनी गॅसचेही दिले, ऐकलं नाही.

टेस्टिंगची वायर आता हातभर लांब ठेवलीये. ती लावली की त्या गाडीची किल्ली तिच्याच टोकाला बांधतो.