चहात घालायची गोळी

"दादा, चहातून द्यायची गोळी असती म्हणे. त्याला कळत पण नाही आणि दारू सुटती. खरं काय वो?"

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात औषधाचं दुकान टाकून मला २१ वर्षं झाली. हा प्रश्न महिन्यातून दोनतीनदा येतोच. विचारणारी बहुतेक बाई असते. गर्दी असली तर बामची डबी उलटसुलट करत बाजूला थांबते. आमची कितीतरी माणसं गोव्याला कामाला. तिकडे दारू स्वस्त, त्यामुळे चोर्ला घाट चढून पगाराआधी बाटलीच घरी पोचते. तर अशी गोळी खरंच असते का, असं तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं सगळं सांगतो.

गोळी आहे. डायसल्फिराम. १९४० च्या दशकात डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी ती जंतांवर चालेल का म्हणून स्वतःच घेऊन बघितली. नंतर थोडी दारू घेतली तर त्यांचा जीव घाबरा झाला. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष होतं आणि मग त्याचा निचरा होतो. ही गोळी तो निचराच तुंबवते. तोंड लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या. म्हणजे सगळा खेळ धाकाचा. आता मला सांगा, गोळी पोटात आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला धाक कसला? तो रोजच्यासारखा पिणार. रक्तदाब एकदम खाली जातो. हृदय कमजोर असलं तर जिवावर बेततं. म्हणून चिठ्ठी असली तरी मी विचारतो, "घेणाऱ्याला माहीत आहे का?" गिऱ्हाइकं तुटतात. तुटू देत.

आणि मुख्य म्हणजे ती तलफेला हातच लावत नाही. तलफ असते मेंदूत. १९५४ साली मॉन्ट्रियलला ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत, मजा वाटायच्या भागात, तार बसवली. उंदराने खटका दाबला की तिथे विजेचा हलका झटका. काही उंदीर तो खटका सोडायलाच तयार होईनात. नव्या औषधांची खटपट चाललीय ती या भागाशी. नाल्ट्रेक्सोन दारूतली मजा कमी करतं. अमेरिकेत १९९४ पासून दारू सोडवण्यासाठी मान्य आहे, आपल्याकडेही डॉक्टर देतात.

मला स्वतःला सगळ्यात नवल वाटलं ते २००७ च्या अभ्यासाचं. मेंदूला इजा झालेले ६९ सिगारेट ओढणारे तपासले. त्यातल्या १९ जणांचा 'इन्सुला' हा आतला भाग दुखावला होता, आणि त्यातले बरेचजण सिगारेट सहज विसरून गेले. एकजण तर म्हणाला, शरीरच ती तलफ विसरलं. (आमच्या चुलत्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हा त्यांनी तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने तंबाखूची चंची मागितली. त्यांचा इन्सुला शाबूत असावा.) इजा करून कुणाला बरं करता येत नाही, पण कुठे हात घालायचा ते कळलं. डोक्यावर चुंबकाची गुंडाळी धरून सिगारेट सोडवायच्या उपचाराला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली.

२०२५ साली मधुमेहाच्या सेमाग्लुटाइडची बातमी आली. ४८ जणांवर नऊ आठवडे प्रयोग केला. इंजेक्शन घेणाऱ्यांची दारूची ओढ कमी झाली. ४८ म्हणजे आमच्या गल्लीतल्या एका लग्नाची अर्धी पंगतही नाही. तेव्हा ते मागायला आत्ताच येऊ नका.

गेल्या आठवड्यात आलेल्या ताईंना हे सगळं सांगत बसलो नाही. एवढंच म्हटलं, लपवून काही देऊ नका, त्यांना घेऊन धारवाडच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत जा.

"यायला तयार होईना झालाय तो."

"मग पहिल्यांदा तुम्ही एकट्या जाऊन या."

औषधाच्या पाकिटाच्या पाठीमागे पत्ता लिहिला. वर मराठीत, आणि खाली 'धारवाड' कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात, एसटीच्या पाटीशी ताडून बघता यावं म्हणून. त्यांनी पाकीट कमरेच्या पिशवीत घातलं आणि बामचे पैसे दिले.