मिल्टन चक्रीवादळ: सेंट पीटर्सबर्ग सोडलं तेव्हा

फ्लोरिडात राहणाऱ्या आणि आई-वडिलांना इकडे बोलावणाऱ्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये मिल्टन आलं तेव्हा आम्ही सेंट पीटर्सबर्गचं घर बंद करून टॅम्पाच्या उत्तरेला, वेस्ली चॅपलला मित्राकडे गेलो. अंतर साधारण 40 मैल. ओळखीतले बरेच जण अटलांटाच्या रस्त्याला लागले. ते दिवसभर आय-75 महामार्गावर अडकले आणि वाटेत पेट्रोलसाठी वणवण फिरले.

त्याआधी दोन आठवड्यांपूर्वी, 26 सप्टेंबरला, हेलीन चक्रीवादळ आमच्या समोरून समुद्रातूनच उत्तरेला निघून गेलं. जमिनीवर आलं ते आमच्यापासून शंभराहून जास्त मैलांवर, तरी आमच्या पिनेलास काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, 12 माणसं गेली. वाऱ्याने नाही, समुद्राच्या चढलेल्या पाण्यामुळे. आमच्या चार गल्ल्या पलीकडे भिजलेले सोफे, गाद्या, फ्रिज अजून रस्त्याकडेला पडून होते. त्या ढिगांमधूनच मिल्टनची बातमी आली.

सोमवारी, 7 तारखेला, मिल्टन पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं झालं, वारे ताशी 180 मैल. टीव्ही अखंड चालू होता. टॅम्पाच्या महापौर जेन कॅस्टर यांचं ‘तुम्ही मरणार आहात’ हे वाक्य दर पाच मिनिटांनी वाजत होतं. त्या नेमकं काय म्हणाल्या होत्या? ज्यांना घर सोडायचा आदेश आहे, त्या भागात थांबलात तर मराल. पुढे फिरलेल्या तुकड्यांतून ही अट गळून पडली आणि उंचावरच्या, पक्क्या घरात राहणारी माणसंही घाबरून गाड्या काढायला लागली. साताऱ्याहून दिरांचे फोन सुरू झाले, कारण तिकडच्या वाहिनीवर ‘फ्लोरिडा बुडणार’ चाललं होतं. उलट मायामीचे हवामानतज्ज्ञ जॉन मोरालेस यांचा आवाज थेट प्रसारणात भरून आला, त्याला मी भडकपणा म्हणणार नाही. दहा तासांत वादळाच्या मध्यातला हवेचा दाब 50 मिलिबारने उतरला होता, म्हणजे वादळ झपाट्याने बळावत होतं. इतकी वर्षं वादळं पाहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो.

निर्णय मात्र टीव्हीवरून घेऊ नका, पत्त्यावरून घ्या. काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की ए ते ई यांपैकी तुमचा इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घर सोडायच्या आदेशाचा विभाग, कळतो. पिनेलासने ए, बी, सी आणि सगळ्या मोबाइल होम्सना (कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरांना) निघायला सांगितलं होतं. आमचं घर बी. विषय तिथेच संपला. घराच्या विम्याच्या कागदावर जो फ्लड झोन असतो तो वेगळा, आणि तिथेही ए हे अक्षर येतं, त्यामुळे खूप जणांची गल्लत होते. आजच तपासून फ्रिजवर लिहून ठेवा.

नॅशनल हरिकेन सेंटर या सरकारी वादळ-केंद्राचा नवा अंदाज पहाटे आणि संध्याकाळी 5 ला, सकाळी आणि रात्री 11 ला येतो. तेवढा बघा आणि मधल्या वेळात टीव्ही बंद ठेवा. नकाशावरचा तो पसरट शंकू फक्त वादळाचा मध्य कुठून जाऊ शकतो ते सांगतो. शंकूबाहेर म्हणजे सुरक्षित, असं अजिबात नाही. श्रेणीही वाऱ्यावरून ठरते, पाण्यावरून नाही. म्हणून अंदाजातला पाण्याचा आकडा आधी शोधा. टॅम्पा बे या आमच्या उपसागरासाठी तो 10 ते 15 फूट होता.

नवरात्र चालू होतं. सासूबाई भारतातून आलेल्या, त्यांनी घट बसवलेला. ‘अगं, बसलेला घट हलवत नाहीत,’ एवढंच म्हणून त्या देवापुढे बसून राहिल्या. त्यांना घाई केली नाही. मित्राच्या आईचा फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे घट बसलाय, तुमची माळ इथे वाहा.’ मग सासूबाईंनी अक्षता वाहिल्या, देवीला सांगितलं, समईतलं उरलेलं तेल वाटीत काढलं आणि टाक रुमालात बांधून पर्समध्ये ठेवले. घट जागेवरच राहिला. म्हाताऱ्या माणसांसाठी हा अर्धा तास हाताशी ठेवा. शेवटच्या क्षणी निघालात तर तो मिळत नाही.

मंगळवारी उजाडायच्या आत निघालो. टॅम्पाचा विमानतळ त्याच सकाळी 9 ला बंद झाला, म्हणजे विमानाच्या भरवशावर राहिलेले अडकले. पिनेलासमधून बाहेर पडायचं तर बहुतेक वाटा पुलांवरूनच जातात, आणि वारा ताशी 40 मैलांच्या आसपास गेला की पूल बंद होतात. निर्णयाची खरी मुदत ती, वादळ धडकण्याची वेळ नव्हे. सोबत पासपोर्ट, व्हिसाचे कागद, सासूबाईंची महिन्याची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, प्रवासी विम्याची प्रत. खायला दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, भाजके शेंगदाणे. टाकी रविवारीच भरून घेतली होती. मंगळवारी पंपांवर पिशव्या बांधलेल्या होत्या, म्हणजे पेट्रोल संपलं होतं.

मिल्टन बुधवारी रात्री साडेआठच्या सुमारास सिएस्टा की या बेटावर, म्हणजे आमच्या दक्षिणेला, तिसऱ्या श्रेणीचं होऊन धडकलं. त्यामुळे आमच्याकडे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि टॅम्पा बेमध्ये पाणी चढलं नाही, उलट बाहेर ओढलं गेलं. दुसऱ्या दिवशी ‘उगाच घाबरवलं’ म्हणणारे भेटले. त्यांचा मला राग येतो. दक्षिणेला मॅनासोटा कीसारख्या ठिकाणी समुद्राचं पाणी घरं फोडून गेलं. वादळ थोडं उत्तरेला आलं असतं तर आमची गल्ली त्यात होती. पूर्व किनाऱ्यावर सेंट लूसी काउंटीत तर वादळ धडकायच्या आधीच, दुपारी, टोर्नेडोंनी सहा जणांचा जीव घेतला. आमच्या शहरात 18 इंचांहून जास्त पाऊस पडला, ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉल स्टेडियमचं छप्पर फाटलं, बांधकामाची क्रेन कोसळली. वेस्ली चॅपलला आम्ही खिडक्यांपासून लांब, मधल्या बोळात गाद्या टाकून बसलो. वीज गेली, पण सिमेंट ब्लॉकचं घर टिकलं. पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून लपायचं, हा इथला नियम आहे, आणि पळायला बहुधा काही मैल पुरतात.

परतायची घाई करू नका. राज्यात 30 लाखांहून जास्त जोडण्यांची वीज गेली होती. सेंट पीटर्सबर्गचा पाणीपुरवठा बंद ठेवला होता, नंतरही पाणी उकळून प्यायची सूचना होती. बादल्या आणि बाथटब निघतानाच भरून ठेवले असतील तर परतल्यावर संडासाची सोय होते. जनरेटर किंवा कॅम्पिंगची शेगडी घरात, गॅरेजमध्येसुद्धा, लावू नका. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, आणि वादळानंतर माणसं त्याने मरतात. निघण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून ठेवा, विम्याला लागतो. काचांवर चिकटपट्ट्या लावण्यात वेळ घालवू नका, त्याने काच वाचत नाही. आणि सिग्नल बंद असलेल्या प्रत्येक चौकात पूर्ण थांबा, मगच पुढे जा.