उद्बोधन वर्ग ते स्थाननिश्चिती: माझा अनुभव

वरिष्ठ महाविद्यालयात नव्यानं रुजू झालेली मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, उद्बोधन वर्ग कुठं लवकर मिळेल? ऑनलाइन होतो का?" प्रश्न रास्तच आहे. सहायक प्राध्यापकाला वेतनस्तर १० मधून ११ मध्ये जायचं (यालाच स्थाननिश्चिती म्हणतात) तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे तो वर्ग, म्हणजे नव्या प्राध्यापकांचं शिकवण्याचं प्रशिक्षण, करावाच लागतो. पण नुसतं "अमुक ठिकाणी अर्ज करा" एवढं सांगून मला थांबवत नाही. माझं शिकवणं बदललं ते त्या वर्गात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेजवळच्या एका तालुक्याच्या गावी भूगोल शिकवते. पीएच.डी. होऊन २०१७ मध्ये लागले. आपल्याकडं शाळेत शिकवायचं तर डी.एड. किंवा बी.एड. लागतं, महाविद्यालयात मात्र नेट-सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. झाली की माणूस थेट फळ्यासमोर उभा राहतो. विषय येतो का, याची परीक्षा होते. शिकवता येतं का, हे कुणी बघत नाही. ही उणीव भरून निघावी म्हणूनच १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. पुढं त्यांना मानव संसाधन विकास केंद्र म्हणू लागले आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं झाली आहेत. नावं बदलली तरी आमच्या बोलण्यात अजून 'ओरिएंटेशन' आणि 'रिफ्रेशर' हेच शब्द आहेत, कागदावर उद्बोधन वर्ग आणि (आपल्या विषयातलं ज्ञान ताजं करणारा) उजळणी वर्ग.

मी वर्ग केला तो २०१९ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या केंद्रात, प्रत्यक्ष जाऊन, राहून. जाणं सोपं नव्हतं. आमच्या विभागात दोन मंजूर पदं, त्यातलं एक माझं, दुसरं रिकामं आणि त्या जागी एक सर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर. मी जवळजवळ महिनाभर गेले तर तास कोण घेणार? प्राचार्यांकडं अर्ज घेऊन गेले तेव्हा त्यांनी वेळापत्रक मागवलं, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, जाऊन या. नकाशाची प्रात्यक्षिकं आल्यावर घ्या, बाकीचं आम्ही सांभाळतो." असे प्राचार्य मिळणं हे मोठं भाग्य आहे. कर्तव्य रजा मंजूर झाली, कार्यमुक्तीचा आदेश हातात पडला आणि मी एसटीनं निघाले.

आमच्या तुकडीत सगळ्या विषयांची माणसं होती. परभणीकडचे भौतिकशास्त्राचे सर, उदगीरकडच्या मराठीच्या मॅडम, जालन्याचे वाणिज्यवाले, काही विदर्भातले. पहिल्या आठवड्यात व्याख्यानंच व्याख्यानं. उच्च शिक्षणाची रचना, महाविद्यालयांचं नॅक मूल्यांकन, संशोधनाची नीतिमत्ता, वाङ्मयचौर्य, संगणकाचा वापर. काही व्याख्यानं उत्तम होती, काही जेमतेम, त्यावर जास्त लिहीत नाही. सकाळी मात्र आम्ही काही जण विद्यापीठामागच्या डोंगरातल्या लेण्यांकडं चालत जायचो. तिथं एकदा मराठीच्या मॅडमनी विचारलं, "हा दगड असा थराथरांचा का दिसतो?" मग लाव्ह्याचे थर एकावर एक कसे साचत गेले, दख्खनचं पठार त्यातून कसं बनलं, हे त्यांना उभ्या उभ्या सांगितलं. परिभाषेतला एकही शब्द न वापरता सांगावं लागलं आणि ते त्यांना समजलं. भूगोलाचा गंध नसलेल्या माणसाला आपला विषय समजावून देणं हा सराव कुठल्या वेळापत्रकात नव्हता, पण मला तो फार उपयोगी पडला.

खरी गोष्ट सुरू झाली सूक्ष्म अध्यापनाला. प्रत्येकानं दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, बाकीचे विद्यार्थी होऊन बसणार, आणि दोघं जण मागं बसून नोंदी करणार. नोंदी कसल्या, तर शिक्षकानं प्रश्न किती विचारले, त्यातले खरोखर उत्तर मागणारे किती, प्रश्न विचारल्यावर पुढचं वाक्य बोलेपर्यंत किती वेळ गेला. मोबाइलवर वेळ मोजायची. आमच्या गटात सगळ्यांचं सारखंच निघालं. प्रश्न विचारला की सेकंदभरात शिक्षकच उत्तर देऊन मोकळा. मार्गदर्शक सरांनी मग मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं काम सांगितलं. विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून त्यांनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. हाच वेळ तीन सेकंद किंवा जास्त केला तर मुलांची उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" म्हणणं कमी होतं, आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागतात. एरवी न बोलणारी मुलंही बोलतात.

तीन सेकंद म्हणजे काय ते थांबून बघितल्याशिवाय कळत नाही. वर्गासमोर उभं राहून गप्प बसायचं, तेही सगळे आपल्याकडं बघत असताना. माझा पाठ होता पर्जन्यछायेचा प्रदेश. मी विचारलं, "महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपल्या मराठवाड्याच्या वाट्याला सातशेच्या आसपास येतो. ढग तर तेच. मग असं का?" आणि थांबले. वाणिज्यवाल्या सरांनी उत्तर दिलं, अर्धं बरोबर. भौतिकशास्त्राच्या सरांनी ते पुरं केलं: वारा डोंगर चढताना थंड होतो, पाणी तिकडंच टाकतो, आणि उतरताना तापून कोरडा होतो. मला काही सांगावंच लागलं नाही.

दुसरा धडा प्रश्नपत्रिकेचा. मागच्या वर्षीची आपापली प्रश्नपत्रिका आणायला सांगितली होती. प्रश्नाला कुठल्या पातळीचा विचार लागतो हे सांगणाऱ्या ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाच्या वर्गीकरणाप्रमाणे, २००१ मध्ये सुधारलेल्या पायऱ्या घेऊन, प्रत्येक प्रश्नासमोर लिहायचं: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, की निर्मिती. बहुतेक प्रश्नपत्रिका स्मरण आणि आकलनातच संपल्या. यात एकट्या शिक्षकाचा दोष नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत जे विचारतात तेच वर्गात शिकवलं जातं. तरी अंतर्गत चाचणी आपल्याच हातात असते, आणि तिथं बदल करायला कुणाची परवानगी लागत नाही.

परत रुजू झाल्यावर मी तेवढंच केलं. चाचणीत 'पर्जन्यछाया म्हणजे काय?' हा प्रश्न काढला आणि त्याऐवजी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते का, हे नकाशाच्या आधारे मांडायला सांगितलं. आमच्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं बरीच आहेत. दिवाळीनंतर आईवडील पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, आणि ही मुलं घर, लहान भावंडं, कधी आजी-आजोबा सांभाळत कॉलेज करतात. पुस्तकातल्या व्याख्या त्यांना पाठ होत नाहीत, पण पाऊस कुठं पडतो आणि ऊस कुठं असतो हे ती घरातून शिकून आलेली असतात. मागच्या बाकावरची, वर्षभरात कधी न बोललेली एक मुलगी त्या तीन सेकंदांत उठली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं ढग येतेत, पण पडत न्हाईत. आई-पप्पा जातेत तिकडं मात्र लई पडतंय, म्हणून ऊस तिकडं." सांगलीपर्यंतचा सगळा स्थलांतराचा नकाशा त्या वर्गानं नंतर स्वतः काढला. प्रत्येकानं आपल्या घरातलं माणूस कुठल्या कारखान्यावर जातं ते दाखवलं.

स्तर ११ साठी उद्बोधन वर्गाशिवाय दुसरी अट होती उजळणी वर्गाची, किंवा नियमावलीत दिलेल्या पर्यायांपैकी एकाची: एक आठवड्याचे दोन अभ्यासक्रम, किंवा एक मूक्स (सर्वांसाठी खुला ऑनलाइन अभ्यासक्रम), किंवा ई-साहित्याची निर्मिती. मी उजळणी वर्ग घेतला तो कोरोनात, ऑनलाइन. व्याख्याते देशभरातले मिळाले, भौगोलिक माहिती प्रणालीची तोंडओळख नीट झाली, घर सोडावं लागलं नाही. लहान मूल असलेल्या किंवा घरी आजारी माणूस असलेल्या शिक्षकांसाठी ही सोय फार मोठी आहे, आणि ती बंद होऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण एकमेकांचा पाठ मागं बसून बघणं त्यात झालं नाही. म्हणून विचारणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते: उजळणी वर्ग ऑनलाइन करा, काही बिघडत नाही. पहिला उद्बोधन वर्ग मात्र जमत असेल तर प्रत्यक्ष जाऊनच करा.

आता कागदांचं. पीएच.डी. असेल तर चार वर्षं, एम.फिल. असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा वर्षांनी स्तर ११ ची पात्रता येते. महाराष्ट्रात ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयानं हे लागू झालं आहे. यातली मुख्य गोम अशी की सेवा पूर्ण झाली पण वर्ग नंतर केला, तर पात्रतेची तारीखही पुढं सरकते. स्तर १० ची सुरुवात ५७,७०० रुपयांना आणि ११ ची ६८,९०० ला. तारीख वर्षभर सरकली तर फरक साधा राहत नाही, आणि पुढच्या सगळ्या स्तरांच्या तारखाही तशाच लांबतात. माझे एक ज्येष्ठ सहकारी याच कारणानं मागं राहिले होते, म्हणून मी पहिल्या संधीला अर्ज केला.

दरवर्षीचं स्वयंमूल्यमापन त्या त्या वर्षीच भरून अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडून पडताळून घ्यावं. नेमून दिलेल्या तासांपैकी ऐंशी टक्के किंवा जास्त घेतले असतील तर 'चांगले', सत्तर ते ऐंशीच्या आत असतील तर 'समाधानकारक', त्याखाली असमाधानकारक. पीएच.डी.वाल्याला चारपैकी किमान तीन वर्षं तरी समाधानकारक लागतात. प्रशिक्षणाला गेलेल्या दिवसांचा कार्यमुक्तीचा आणि परत रुजू झाल्याचा आदेश, कर्तव्य रजेची मंजुरी, प्रमाणपत्राची प्रत आणि सेवापुस्तकातली नोंद, हे सगळं एकत्र ठेवा. छाननी समितीत प्राचार्य, विभागप्रमुख आणि विद्यापीठाकडून आलेले विषयतज्ज्ञ बसतात. आमच्या वेळी तज्ज्ञांनी प्रमाणपत्र बघून एकच विचारलं: "त्या वर्गात काय शिकलात?" मी चाचणीचे दोन कागद पुढं ठेवले, जुना आणि नवा. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि ऊसतोडीच्या नकाशाबद्दल आणखी विचारत राहिले. प्रस्ताव पुढं सहसंचालक कार्यालयाकडं जातो, तिथून वेतननिश्चिती. वेळ लागतो, पण कागद पूर्ण असेल तर काम होतंच.

आता आमच्या महाविद्यालयात आम्ही चार-पाच जण महिन्यातून एकदा एकमेकांच्या वर्गात मागं बसतो. मोबाइलवर वेळ मोजायची, प्रश्न मोजायचे, तास संपल्यावर चहाच्या वेळी ते कागद ज्याचे त्याला द्यायचे. याचे गुण मिळत नाहीत आणि प्रमाणपत्रही नाही. इतिहासाच्या सरांना सुरुवातीला संकोच वाटायचा, आता ते स्वतः बोलावतात.

येत्या सत्रात आमच्या विभागातल्या नव्या सहायक प्राध्यापकांचा वर्ग लागला आहे. तेही प्रत्यक्ष जाऊन करणार आहेत. त्यांचे तास मी घेणार आहे, नकाशाची प्रात्यक्षिकंसुद्धा.