तुम्ही विचारलंत म्हणून: शनिवारी आजींकडे मी करते काय?

"तुझं त्यांच्याशी ना नातं, ना धर्म एक. मग दर शनिवारी तिथे जाऊन करतेस तरी काय?" सासूबाईंपासून सोसायटीतल्या बायकांपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय. खरं उत्तर: कुरकुर ऐकते.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आठवड्यातून एकदा भेटायचं, म्हणून ओळखीतल्या एकीने आमची नावं लिहून घेतली. माझ्या वाट्याला या आजी आल्या. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू; माहेर अलिबागकडचं, घर ठाण्यात. 1948 नंतर यांच्यातली बहुतेक घरं इस्राएलला गेली. 2011च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात अडीच हजारांच्या आसपास ज्यू उरले होते. आजींचे दोन्ही मुलगे तिकडेच. नातवंडं हिब्रूत वाढलेली, "आजी, कशी आहेस?" एवढंच मराठीत. आजी फोनवर हसून म्हणतात, "मजेत." शनिवारी मी गेले की गुडघा, गळका नळ, लाइटबिल सुरू! लेकाला गुडघ्याचं सांगितलं तर तो तिकडे रात्रभर जागणार. मला सांगितलं तर मी घरी जाऊन जेवून झोपते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

शनिवारच का, तर तो शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस; शुक्रवारी दिवस मावळला की सुरू. आजी कडक पाळतात. गॅस पेटवायचा नाही, फोन घ्यायचा नाही, रिक्षात बसायचं नाही. ठाण्याचं 1879चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, चालत जाण्यासारखं आहे, पण ते गुडघा धड असताना. त्यामुळे विश्रांतीचा दिवसच त्यांना खायला उठतो. कोकणात यांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी यांचा घाणा बंद. आजींचं त्यावर म्हणणं, "तेव्हा घरात चौदा माणसं होती. नुसतं बसायलाही बरं वाटायचं."

एकदा चहासाठी मीच गॅस पेटवायला उठले. "तुला पेटवायला लावून मी चहा प्यायले, तर शब्बाथ पाळला कुणी, तू की मी?" बसले गप्प.

एक शनिवार माझा चुकला. नाशिकला लग्न होतं, शुक्रवारी कळवायचं राहिलं आणि शनिवारी फोन करून उपयोग नाही. दार किलकिलं ठेवून आजी पाच वाजेपर्यंत बसल्या होत्या, असं शेजारणीने सांगितलं. पुढच्या वेळी मी कारण सांगायला लागले, तर त्यांनी एवढंच विचारलं, "जेवायला काय होतं?" तेव्हापासून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत फोन करते, येणार असले तरी.

मध्यंतरी मंगळवारीच त्यांचा फोन आला. बिरड्याचा सण जवळ आला होता. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा उपास, पण यांच्याकडे नाव असं कोकणी, वालाच्या बिरड्यावरून! "वाल भिजवलेत. सोलायला ये. आणि हे शनिवारात धरायचं नाही, शनिवारचं शनिवारी."

गेले. मी सोललेले निम्मे वाल मोडले, त्यावर तासभर ऐकून घेतलं.